जुन्या गाडीचा रंग : वाळतो कसा, निवडावा कसा?

फैजपूर, सावदा, यावल या भागात जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात किंवा केळीच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये डोकावून पाहिले, तर एखादी जुनी गाडी अजूनही दृष्टीस पडते. कुठे फियाट, कुठे अँबॅसडर, कुठे जीप. आजोबांनी हौसेने घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि आता कोंबड्यांच्या बैठकीची झालेली. अशा गाडीचे इंजिन एक वेळ सुरू होते, पण रंग मात्र पार गेलेला असतो. मग घरात कोणीतरी म्हणते, "या दिवाळीनंतर हिला घरीच रंग देऊन टाकू." दुकानात गेल्यावर दुकानदार विचारतो, "सिंथेटिक देऊ, एनसी देऊ, की पीयू?" तिन्हींचे भाव वेगवेगळे असतात. आणि बहुतेक लोक काहीही न विचारता एकतर सर्वांत स्वस्त डबा उचलतात, नाहीतर सर्वांत महाग.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न वरवर बाजाराचा दिसतो, पण आहे पदार्थविज्ञानाचा. त्यात थोडे रसायनशास्त्रही आहे, आणि शेवटी पाहाल की थोडा जिवाचाही प्रश्न आहे.

आधी गाडीविषयी. आपण जिला सरसकट 'फियाट' म्हणतो ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होई. हा उद्योग वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभा केला. पुढे याच गाडीचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. अँबॅसडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते. तेव्हा आता अंगणात उरल्या आहेत त्याच या गाड्या. त्या नव्याने बनणार नाहीत.

या गाड्यांवरचा साधा, चंदेरी कण नसलेला रंग बहुधा 'एकपदरी' असे. एकपदरी म्हणजे काय? आजच्या नव्या गाडीवर खाली रंगाचा पातळ थर असतो आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर. रंग खालचा, चमक वरची. एकपदरी रंगात ही दोन्ही कामे एकच थर करतो. त्यात रंगद्रव्याची बारीक पूड असते आणि तिला धरून ठेवणारे 'बंधक' असते. डब्यात असेपर्यंत या दोघांना पातळ ठेवणारा द्रावक, म्हणजे बाजारी भाषेत थिनर, हा तिसरा सोबती. थर वाळला की द्रावक निघून जातो आणि मागे बंधक व रंगद्रव्य उरते.

चमक कुठून येते? पृष्ठभागावरचे उंचसखलपण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा, पुष्कळ कमी असेल, तर प्रकाश आरशावरून परततो तसा एका दिशेने परततो. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) उन्हाने वरवरचे बंधक कुजले की रंगद्रव्याचे कण उघडे पडतात, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. गाडी पांढुरकी, पावडर लावल्यासारखी दिसू लागते.

आता एक सोपा प्रयोग करा. अशा निस्तेज बॉनेटवर तांब्याभर पाणी ओता. काही क्षण गाडी नवी असल्यासारखी चमकते आणि रंगही गडद दिसतो. कारण खाचाखोचांत हवेऐवजी पाणी भरले. हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३ आणि बंधकाचा सुमारे १.५. दोन माध्यमांतला फरक जितका कमी, तितके प्रकाशाचे विकिरण कमी. पाणी वाळले की गाडी पुन्हा निस्तेज. पण या प्रयोगाने एक फार मोलाची गोष्ट कळते : ओल्या बॉनेटवर रंग एकसारखा आणि चांगला दिसत असेल, तर खाली धड रंग शिल्लक आहे. वरचा काही मायक्रोमीटरचा कुजका थर रबिंग पॉलिशने काढला की काम भागेल. पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचाच रंग लागला, तर रंग एकपदरी आहे. सर्वांत स्वस्त रंग कोणता, याचे उत्तर कित्येक वेळा 'गाडीवर आहे तोच' असे येते! मात्र पाणी टाकूनही ठिकठिकाणी प्रायमर किंवा गंज दिसत असेल, तर दुकानाची पायरी चढावीच लागेल.

तेव्हा दुकानदाराच्या तीन डब्यांकडे वळू. तिघांत खरा फरक एकच आहे : ते वाळतात कसे? 'वाळणे' हा आपला एकच शब्द तीन अगदी वेगळ्या घटनांसाठी वापरला जातो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून हा पदार्थ मिळतो. एकेकाळी मोटारींना तैलरंग आणि वार्निशचे हात देत आणि ते वाळायला दिवसच्या दिवस जात. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि दिवसांचे काम तासांवर आले. आपल्याकडे गॅरेजमध्ये आजही फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही गुळगुळीत रंगाला 'ड्यूको' म्हणतात, ते त्या डब्याच्या नावावरून. एनसी वाळतो तो निव्वळ बाष्पीभवनाने. काकवीतले पाणी उडून खाली खडे उरावेत तसा. रेणूंत काहीच बदल होत नाही. म्हणून खडीसाखर जशी पुन्हा पाण्यात विरघळते, तसा वर्षांपूर्वी वाळलेला एनसी थिनरच्या बोळ्याने पुन्हा विरघळतो.

सिंथेटिक इनॅमल निराळे. त्याचे बंधक म्हणजे 'अल्कीड'. हे नाव अल्कोहोल आणि ॲसिड यांच्या जोडणीतून आले. त्याच्या रेणूला जवस, सोयाबीन यांसारख्या तेलांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. जवसाचे तेल ताटलीत उघडे ठेवले, तर काही दिवसांनी ते चिकट होते आणि मग त्याचा पापुद्रा बनतो. तेल उडून गेले नाही, उलट त्याने हवेतला ऑक्सिजन घेतला आणि शेजारशेजारचे रेणू एकमेकांत गुंफले गेले. सिंथेटिक रंगही आधी द्रावक सोडतो आणि मग असा ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. या कामाला वेग यावा म्हणून त्यात कोबाल्टसारख्या धातूंची संयुगे उत्प्रेरक म्हणून घातलेली असतात.

ऑक्सिजन वरून आत शिरतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. जाड हात दिला की वर साय धरते आणि सायीखाली दूध पातळच राहते! पुढे खालचा रंग वाळताना वरची साय सुरकुतते. विसरणाचा साधारण नियम असा, की थर दुप्पट जाड झाला की आत पोहोचायला चौपट वेळ लागतो. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले. पेंटर लोक हे अनुभवाने सांगतात.

तिसरा डबा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. हे रसायनशास्त्र जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधले. खरे तर हे दोन डबे असतात, एक रंगाचा आणि एक 'हार्डनर'चा. एम-सीलच्या दोन कांड्या मळल्या की आपोआप दगड होतो, तसे हे दोन पदार्थ मिसळले की एकमेकांशी जोडले जाऊन त्रिमितीय जाळे तयार होते. हवेच्या ऑक्सिजनची वाट पाहावी लागत नाही. हे जाळे पेट्रोल सांडले तरी विरघळत नाही आणि उन्हात सिंथेटिकपेक्षा कितीतरी अधिक वर्षे चमक टिकवते. मग पीयूच का घेऊ नये? जरा थांबा, त्याकडे शेवटी येऊ.

आधी पैशांचा हिशेब करू. तो करताना जवळजवळ सगळे फसतात. लिटरचा भाव विचारतात आणि त्यावर स्वस्त-महाग ठरवतात. पण गाडीवर राहणार आहे तो वाळलेला थर, द्रावक तर उडून जाणार. तेव्हा आपण लिटरभर काय विकत घेतो आहोत, हे पाहिले पाहिजे.

फियाट सुमारे ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असते. काचा आणि चाकांची जागा वजा जाता बाहेरून रंगवायचा पत्रा ढोबळ मानाने १२ चौरस मीटर धरू. वरच्या रंगाचा वाळलेला थर ५० मायक्रोमीटर हवा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा थोडा कमीच. १२ चौरस मीटरला ५० मायक्रोमीटरने गुणले की ०.०००६ घनमीटर येतात, म्हणजे ६०० मिलिलिटर. अख्ख्या गाडीवर शेवटी राहणारा रंग अवघा तीन पेले!

आता डब्यातल्या रंगात न उडणारा भाग किती? साधारणपणे सिंथेटिक इनॅमलमध्ये आकारमानाने जवळजवळ निम्मा, तर एनसीमध्ये फार तर चौथा हिस्सा. म्हणजे ६०० मिलिलिटर थरासाठी सिंथेटिक १.२ लिटर पुरेल, पण एनसी २.४ लिटर लागेल. फवाऱ्याने मारताना निम्मा रंग पत्र्याऐवजी हवेत जातो असे धरले, तर हे आकडे अनुक्रमे २.४ आणि ४.८ लिटर होतात. शिवाय एनसी फवारण्याजोगा पातळ करायला तितकेच थिनर वर घालावे लागते. तेही विकतच आणायचे आणि तेही हवेतच जायचे. शेवटी एनसी घासून चमकवावा लागतो, त्यात थराचा काही भाग आणखी जातो. तेव्हा भाव लिटरचा काढू नये, वाळलेल्या लिटरचा काढावा : डब्याचा भाव भागिले न उडणारा अंश. समजा दोन्ही डबे ४०० रुपये लिटर आहेत. तर वाळलेल्या लिटरला सिंथेटिक ८०० रुपये पडते आणि एनसी १६००. पीयूचा अंश सिंथेटिकच्या जवळपास असतो, पण तिथे हार्डनरची किंमत मिळवूनच भागाकार केला पाहिजे.

हा अंश शाळेतल्या तराजूवर तुम्हाला मोजता येईल. डब्याचे एक चपटे झाकण तोला, त्यावर सुमारे ५ ग्रॅम रंग पातळ पसरून पुन्हा तोला, आणि आठवड्याने तिसऱ्यांदा तोला. यातून वजनाचा अंश मिळेल, आकारमानाचा नव्हे. पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपटीहून जड असते, त्यामुळे पांढऱ्याची आणि काळ्याची तुलना करू नका. सारख्या रंगाचे दोन प्रकार घेऊन करा.

एनसीवर मी फार टीका केली असे वाटेल. त्याचे गुणही आहेत. तो मिनिटांत वाळतो, त्यामुळे ओल्या रंगावर धूळ आणि चिलटे बसायला वेळच मिळत नाही. ओरखडा पडला तर तेवढीच जागा पुन्हा रंगवता येते, कारण नवा हात जुन्यात थोडा विरघळून एकजीव होतो. घरी छपराखाली राहणाऱ्या आणि सणासुदीला बाहेर निघणाऱ्या गाडीला तो शोभतो. पण आपल्या हवेशी त्याचे पटत नाही, आणि ते का, हे पाहणे फार मनोरंजक आहे.

इंजेक्शनपूर्वी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटते. बाष्पीभवनाला लागणारा अप्रकट उष्मा त्वचेतून घेतला जातो. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. एनसीचा थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे ओला थर आसपासच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. श्रावणातल्या दिवशी तापमान ३०° से. आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू येतो सुमारे २६° से. म्हणजे थर अवघा चार अंश थंड झाला की हवेतले पाणी त्यावर दव होऊन बसते. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, ते दह्यासारखे फाटते आणि सुंदर काळ्या गाडीवर पांढरे धुके उमटते. गॅरेजवाले म्हणतात, "रंग पांढरा पडला." रंगात भेसळ नसते, दवबिंदू चुकलेला असतो.

मग वैशाखात रंगवावे? तापमान ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना दवबिंदू ८-९ अंशांवर जातो. दवाची भीती नाही. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्याही वर जातो. तेव्हा फवाऱ्याचे थेंब गनपासून पत्र्यापर्यंत जातानाच अर्धे वाळतात आणि पत्र्यावर पसरण्याऐवजी वाळूसारखे चिकटतात. हात फिरवला तर खरकागद वाटावा. सिंथेटिकचेही उन्हात तेच : वर लगेच साय, आत ओले. शिवाय वाहतुकीची धूळ. म्हणून खानदेशात घरच्या रंगकामाचा काळ म्हणजे दिवाळीनंतर ते होळीच्या आधी. सकाळचे दव पूर्ण वाळल्यावर सुरुवात करावी, सावलीत करावे, आणि ऊन उतरण्यापूर्वी थांबावे. आधी अर्धा तास जमिनीवर सडा टाकला तर धूळ बसते. केळीच्या बागेला लागून शेड असेल तर मात्र तिथली हवा अधिक दमट असते, हे ध्यानात ठेवा.

घरी कॉम्प्रेसर कुठून आणणार? त्याची गरजच नाही. सिंथेटिक इनॅमल चांगल्या ब्रशने किंवा बारीक स्पंजाच्या रोलरने देता येते. ब्रशच्या रेघा उमटतात ना? उमटतात, पण पृष्ठताण त्या बुजवतो. हा सगळा वेळेचा खेळ आहे. रंग घट्ट होण्यापूर्वी रेघा बुजल्या पाहिजेत. बुजायला लागणारा वेळ श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, प्रमाणात वाढतो. पण रेघांमधल्या अंतराच्या तो चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. अंतर निम्मे केले की वेळ निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा! मऊ, दाट केसांचा ब्रश घेण्यासाठी चार पैसे जास्त का मोजावेत, त्याचे उत्तर या चौथ्या घातात आहे. उलट थराची जाडी निम्मी केली, तर वेळ आठपट होतो. मग थर जाडच द्यावा का? सपाट बॉनेटवर थोडा चालेल. दरवाज्यावर नाही. उभ्या पत्र्यावरून खाली ओघळणारा रंगही जाडीच्या तिसऱ्या घातानेच वाढतो. एकीकडे रेघा, दुसरीकडे ओघळ, आणि मध्ये पेंटरचा हात. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळू देऊन पाण्याच्या पॉलिश पेपरने हलके घासणे आणि मग तिसरा हात, एवढ्याने फियाट पुष्कळ चांगली दिसते. शोरूमसारखी दिसणार नाही, हे आधीच घरच्यांना सांगून ठेवावे.

जुन्या रंगावर नवा देण्यापूर्वी तो कोणत्या जातीचा आहे ते पाहा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात एनसी थिनरचा बोळा मिनिटभर धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर एनसी. फुगून सुरकुतला तर सिंथेटिक. काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला कारखान्याचा रंग किंवा पीयू. सुरकुतणाऱ्या रंगावर एनसी कधीही मारू नये. त्याचे थिनर खालचा थर फुगवून उचलते आणि सगळी मेहनत सालीसारखी निघते. सिंथेटिकचा थिनर सौम्य असल्याने तो घट्ट, जुन्या थरांवर निभावतो. त्याची निवड करण्याचे हे आणखी एक कारण.

गंजाविषयी थोडक्यात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. तो खरवडून, रेड ऑक्साइडचा हात देऊनच पुढे जावे. घासलेल्या पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. घामातले मीठ थराखाली राहिले, तर परासरणाने पाणी आत शिरते आणि भिजवलेल्या मनुक्यासारखे फोड येतात. कित्येकदा फोड बोटांच्या ठशांच्या ओळीत दिसतात!

आणि छटा कोणती? इथे सूर्य बोलतो. जंबुपार किरण आणि ऑक्सिजन मिळून सेंद्रिय लाल-पिवळी रंगद्रव्ये फिकी करतात. याउलट गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड. ते आधीच ऑक्सिडीकरण झालेले आहे, आणखी जळण्यासारखे त्यात काही नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे अजिंठ्याला जा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांत तांबडा आणि पिवळा गेरू अजून बोलका आहे. लेण्यांत ऊन नाही हे खरे, पण वीटकरी, तपकिरी छटा उन्हातही टिकतात. पांढरा रंगही चांगला. तो ऊन परतवतो, त्यामुळे पत्रा काळ्या गाडीच्या मानाने पुष्कळ थंड राहतो, आणि थंड थर सावकाश म्हातारा होतो. जीपवाल्यांना एक सूचना : लष्करी हिरवा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, रंग देऊ नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही वापरता येत नाही. इतर छटा बदलल्यास नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते.

आता पीयूकडे येऊ. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचा रासायनिक गट असतो. १९८४ साली भोपाळला ज्या वायूने हजारो माणसे मेली, तो मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. गाडीच्या रंगातले आयसोसायनेट त्याच्याइतके उडून जाणारे नाहीत, दोघांना एक समजणे चूक ठरेल. पण फवारा मारला की ते बारीक थेंबांच्या रूपाने हवेत तरंगतात आणि फुफ्फुसात जातात. काही माणसांना त्यातून दमा जडतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणू शकते. नाकाला वास येईपर्यंत धोक्याची पातळी ओलांडून गेलेली असते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क इथे कुचकामी आहे. ज्या कारखान्यांत हे काम नीट चालते, तिथे बंद खोली असते, हवा ओढणारे पंखे असतात आणि कामगाराला नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवतात. हे आपल्या अंगणात नाही. शेजारच्या ओसरीवर आजी बसलेली असते आणि लहान भाऊ खेळत असतो. म्हणून पीयू हवाच असेल, तर गाडी तशी सोय असलेल्या कार्यशाळेत न्यावी. घरी फवारू नये.

इथे एक छुपा सापळा आहे. काही जण सल्ला देतात, "सिंथेटिकमध्ये थोडे हार्डनर टाक, चमक दुप्पट येते." चमक येतही असेल. पण त्या क्षणी तुमचा साधा डबा आयसोसायनेटचा डबा झालेला असतो, आणि हे कोणी सांगत नाही.

सिंथेटिकही निरुपद्रवी नाही. त्याचे भिजलेले बोळे ढिगाने टाकू नका. ऑक्सिजन घेताना उष्णता निर्माण होते, ढिगात ती कोंडते आणि बोळे आपोआप पेटू शकतात. ते दोरीवर एकेक पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. थिनरचे तर बोलायलाच नको. त्यात सामान्यतः असणाऱ्या टोल्युइनची वाफ ४° से. ला सुद्धा ठिणगीने पेट घेण्याइतकी होते, आणि ती हवेच्या तिपटीहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते, दाराच्या फटीतून आत शिरते आणि चुलीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोहोचू शकते. रंगकाम उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी मोकळ्या शेडमध्येच करावे.

जुना रंग कोरडा घासण्याचीही घाई नको. पूर्वीच्या पिवळ्या-केशरी रंगांत शिसे क्रोमेट सर्रास असे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली, पण ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती, आणि तुमच्या फियाटवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. पाणी लावून घासा, गाळ कागदावर गोळा करा, विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात तो धुऊन सोडू नका. लहान मुलांना त्या वेळी लांब ठेवा.

शिक्षकांसाठी वर्षभराचा एक प्रयोग सुचवतो. पत्र्याचे तळहाताएवढे आठ-दहा तुकडे घ्या. काहींवर ब्रशने सिंथेटिक द्या, कोणाकडे उरलेला एनसी असेल तर काहींवर तो, हाही ब्रशनेच आणि उघड्यावर. एक पांढरा, एक लाल, एक गेरूच्या छटेचा असे निवडा. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून शाळेच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून तिरपे बांधा. दर महिन्याच्या एक तारखेला झाकण सरकवून दोन भागांतला फरक नोंदवा. तुकड्यापासून दोन वीत अंतरावर छापील कागद धरून त्यातले प्रतिबिंब कोणत्या आकाराच्या अक्षरापर्यंत वाचता येते, हे चमकेचे सोपे माप होईल. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकदा पांढरे फडके घासून किती पूड लागते तेही पाहा. नोंदवहीत त्या दिवसाचे कमाल तापमान लिहायला विसरू नका.